आप्पांना विचारा

रकाना १. योगदानकर्त्याचे संपूर्ण नाव

आप्पा.

हे आम्ही भरलेलं नाही. बुधवारी सकाळी फॉर्म आला तेव्हाच या रकान्यात ते छापलेलं होतं. पुढे आडनाव नाही, मागे श्री. नाही. शहराच्या बसपाट्या ज्या प्रोग्रामवर चालतात त्यावर काम करणाऱ्या बाहेरच्या माणसांना मानधन द्यायचं, असं परिवहन खात्याने पहिल्यांदाच ठरवलं होतं आणि त्यांच्या यादीत पहिलं आणि एकमेव नाव माझ्या सासऱ्यांचं होतं.

माझ्या सासऱ्यांना संगणक चालू करता येत नाही. बंद करता येतो, तोही भिंतीवरच्या बटणाने.

यादीत मी नव्हते. प्रोग्राम मी लिहिते.

रकाना २. कामाचे ठिकाण

स्वयंपाकघरातलं टेबल. एका टोकाला माझा संगणक, दुसऱ्या टोकाला आप्पांची लाल वही, घड्याळ आणि चष्म्याचं घर. मधली जागा माझ्या नवऱ्याच्या ताटाची. जेवताना त्याला डावीकडून आकडे ऐकू येतात आणि उजवीकडून टकटक. आपण टपालखात्यात जेवतोय असं वाटतं, असं तो म्हणतो.

रकाना ३. कामाचे स्वरूप (थोडक्यात)

थोडक्यात जमणार नाही.

थांब्यांवर काळ्या पाट्या आहेत, त्यावर पिवळे आकडे येतात: २७ नंबर, ४ मिनिटं. ड्रायव्हरसमोरही एक लहान पडदा असतो. सुटायची वेळ झाली की त्यावर हिरवा ठिपका लागतो, आणि ठिपका लागूनही गाडी हलली नाही तर ड्रायव्हरच्या नावावर उशीर चढतो. हे सगळं चालवणारा प्रोग्राम खुला आहे. म्हणजे तो कुणीही उघडून वाचावा, चूक दिसली तर दुरुस्ती सुचवावी. दोन-तीन राखणदार ती तपासतात, पटली तर आत घेतात. खात्याला प्रोग्राम फुकट मिळतो, दुरुस्ती करणाऱ्याला समाधान मिळतं. समाधानात विजेचं बिल भरता येतं का, असं माझा नवरा अधूनमधून विचारतो. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासतो, त्यामुळे आपल्याला सगळं स्वच्छ दिसतं असा त्याचा दावा आहे.

मी या भानगडीत पडले ती रागाने. दोन वर्षांपूर्वी माझी कंपनी बंद पडली, त्याच संध्याकाळी मी थांब्यावर उभी होते आणि पाटी अकरा मिनिटं सलग ‘२ मिनिटं’ म्हणत होती. घरी आले, प्रोग्राम उघडला, खातं काढलं. नाव विचारलं तेव्हा २७ नंबरच्या सन्मानार्थ ‘गोगलगाय’ असं टाकलं. आप्पांना ते लागलं. त्यांनी चौतीस वर्षं त्याच खात्यात काढलेली, पाण्याच्या टाकीसमोरच्या पत्र्याच्या केबिनमध्ये, टाइमकीपर म्हणून. त्यांनी शिट्टी वाजवायची आणि गाडीने सुटायचं. दोन दिवस ते माझ्याशी कामापुरतं बोलले.

प्रोग्रामचा हिशेब तसा बरोबर होता. अंतर भागिले वेग. चुकत होत्या त्या बस. संध्याकाळची सहा-चाळीसची गाडी चौदाव्या थांब्यावर रोज दोन मिनिटं जास्त थांबायची. का, कुणाला ठाऊक. मी टेबलाशी चडफडत होते तेव्हा आप्पा पेपरामागून म्हणाले, “चौदाला दोन धर.”

धरली. पाटी बरोबर आली.

मग तो रिवाजच पडला. कधी सकाळी, कधी दुपारी, कधी संध्याकाळी आप्पा टोपी घालून निघायचे, एखाद्या थांब्यावर दोन तास बसायचे. रात्रीच्या जेवणाआधी वही उघडून मला आकडे सांगायचे, मी ते प्रोग्रामात बसवायची. कारण मी कधी विचारलं नाही. यंत्राला आकडा लागतो, कारण लागत नाही; आणि आप्पांना एकदा कारण विचारलं की भाजी गार होते.

वर्षभराने दूरच्या शहरातल्या कुणा उत्साही माणसाने ही सगळी जादा मिनिटं चूक समजून झाडून काढली. राखणदारालाही ते स्वच्छ वाटलं. आठवडाभर शहरभर लोक पाट्यांशी भांडत होते. मी मिनिटं परत घातली आणि प्रत्येक ठिकाणी वर एक टीप लिहिली. अशी टीप यंत्र वाचत नाही, ती माणसांसाठी असते:

*इथे हात लावू नये. आप्पांना विचारा.*

एकतीस ठिकाणी हेच. राखणदाराने (आम्ही घरात त्याला खडूस म्हणतो) विचारलं की हे आप्पा म्हणजे काय, आणि त्याचं कागदपत्र कुठे मिळेल. मी उत्तर दिलं की आप्पा हेच कागदपत्र. अर्धा दिवस विचार करून त्याने दुरुस्ती आत घेतली.

हे झालं कामाचं स्वरूप.

रकाना ४. अर्जदार सध्या अन्यत्र नोकरीस आहे काय?

आप्पा: नाही. निवृत्त.

मी (मला कुणी विचारलेलं नाही, तरी): नाही, पण सोमवारी सकाळी दहापर्यंत एका विमा कंपनीला होकार कळवायचा होता.

पगार चांगला होता. करारात एक कलम होतं, की कंपनीत असेपर्यंत बाहेरच्या कुठल्याही प्रोग्रामला हात लावायचा नाही. म्हणजे गोगलगाय बंद. मिनिटं बंद. माझी शिल्लक तळाला लागली होती. नवरा तोंडाने काही बोलत नव्हता, पण लोकांना नव्या फ्रेमा विकणारा माणूस स्वतःच्या चष्म्याची काडी तिसऱ्यांदा तारेने बांधत होता, ते मला दिसत होतं.

आप्पांना कलम वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी वहीची उरलेली पानं अंगठ्याने मोजल्यासारखी केली. म्हणाले, ठेवू माळ्यावर. मग म्हणाले, माळ्यावर उंदीर आहेत, कपाटात ठेवू.

तेवढ्यात मानधनाची बातमी आली. यादीतल्या प्रत्येकाला बुधवारपर्यंत फॉर्म मिळेल, असं खात्याने कळवलं होतं. ते मिळालं तर कंपनीला नाही म्हणता येणार होतं. बुधवारी प्रोग्रामच्या सामाईक पत्त्यावर संदेश आला, तिथला टपाल मीच बघते, हात पुसून उघडला. *आपल्या प्रकल्पातील योगदानकर्ता ‘आप्पा’ यांस सोबतचा अर्ज पोहोचवावा.* खाली पुन्हा पुन्हा पाहिलं. दुसरा अर्ज नव्हता.

नवऱ्याला हसू आवरेना. बाप घरबसल्या इंजिनिअर झाला, म्हणाला, आणि मला एवढी वर्षं हात धुवून बारावीच्या मागे लागायला लावलं. मग माझा चेहरा बघून म्हणाला की सही करा आप्पा, पैसे शेवटी एकाच डब्यात पडणार आहेत.

आप्पांनी फॉर्म घडी घालून वहीत ठेवला.

“दुसऱ्याच्या तिकिटावर मी प्रवास करत नाही,” ते म्हणाले. “शुक्रवारी चल माझ्याबरोबर.”

रकाना ५. अर्हता व विशेष गुण

आप्पा: शिट्टी. दोन प्रकार. लांब म्हणजे निघ. आखूड म्हणजे निघायचं मनात आण.

मी: वक्तशीरपणा. लग्नाआधी मी टाकीमागच्या गल्लीत राहायचे आणि कॉलेजला आठ-दहाच्या बसने जायचे. तीन वर्षांत पहिला आठवडा सोडला तर एकदाही बस चुकली नाही. ही गोष्ट मी घरात वरचेवर सांगते, विशेषतः नवरा उशिरा आला की. तो यावर कधी वाद घालत नाही, चष्मा काढून पुसत बसतो. आप्पा पेपर वर धरतात.

रकाना ६.

फॉर्मवर सहावा रकाना नाही. पाचानंतर एकदम सात येतो. छापणाऱ्याची चूक असेल, पण शुक्रवारी जे झालं ते दुसऱ्या कुठल्याच रकान्यात बसत नाही, म्हणून इथे घालते.

संगणक विभाग दुसऱ्या मजल्यावर आहे. लांब खोली, छताला चार पंखे, आणि पंख्यांच्या धाकाने प्रत्येक गठ्ठ्यावर काहीतरी दडपलेलं: स्टेपलर, कुलूप, दाराची सुटलेली मूठ. शेवटच्या टेबलाशी एक लेखनिक बसले होते. किडकिडीत, कानावर तांबडी पेन्सिल, आणि शेजारी खुर्चीवर, माणूस बसवावा तसा, सुतळीने बांधलेला कागदांचा भलामोठा गठ्ठा.

आप्पांनी टोपी काढून नाव सांगितलं.

लेखनिक उठून उभे राहिले. शेजारच्या टेबलांवरची माणसं त्यांच्याकडे बघायला लागली, कारण त्या खोलीत आलेल्या माणसासाठी उठायची पद्धत नसावी.

“म्हणजे तुम्ही आहात,” ते म्हणाले.

मग उलगडा झाला. प्रोग्रामवर कुणी काम केलं त्याची यादी करायची जबाबदारी त्यांच्यावर आली होती. त्या कार्यालयात कागदावर नसलेली गोष्ट नसतेच, म्हणून त्यांनी पहिल्या दिवशी अख्खा प्रोग्राम छापून घेतला. सहाशे बारा पानं. आणि मग ती वाचली. पहिल्या ओळीपासून शेवटच्या कंसापर्यंत, एकोणीस दिवस, ओळीखाली पट्टी धरून. त्यातलं त्यांना काही म्हणता काही कळलं नाही, फक्त एक वाक्य कळलं, आणि ते एकतीस वेळा होतं. काम करणाऱ्या दुसऱ्या कुणाचं नाव त्या सहाशे बारा पानांत नव्हतं. मॅडमचं, म्हणजे विभागप्रमुखांचं मत पडलं होतं की आप्पा हा दुसरा एखादा प्रोग्राम असावा. लेखनिकांनी ठामपणे सांगितलं होतं की नाही, माणूसच आहे, प्रोग्रामला कुणी इतका मान देत नाही.

मला हसावं की रडावं कळेना. दोन वर्षांत मी लिहिलेलं कुणी असं सलग वाचलं नव्हतं. खडूसनेही नाही.

“बरं झालं आलात,” लेखनिक म्हणाले आणि त्यांनी खणातून कागद काढला. “माझे एकतीस प्रश्न तयार आहेत.”

आप्पांनी विचारलं, कसले प्रश्न.

“तिथे लिहिलंय ना, आप्पांना विचारा. म्हणून विचारतोय.”

मी तोंड उघडलं होतं, आम्ही कशासाठी आलोय ते सांगायला. आप्पांनी हाताने थांबवलं, खुर्ची ओढली, टोपी गुडघ्यावर ठेवली. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. परीक्षेत नेमका आपलाच धडा यावा, तसा.

*पान ८८. संध्याकाळी सहा-चाळीस, थांबा चौदा, दोन मिनिटं.*
दवाखान्याचं फाटक. मूत्रपिंडाच्या यंत्रावरून उठलेली माणसं तेव्हा बाहेर पडतात. पायरी चढायला त्यांना वेळ लागतो. घाई केली तर आम्ही मागच्या गाडीने येतो म्हणतात. मागे गाडी नसते.

*पान १०२. थांबा तीन, पाव मिनिट.*
चढ आहे. जुनी गाडी पहिल्या गिअरला रुसते. तिला मनवावी लागते.

*पान १४१. दुपारी बारा-वीस, अर्धं मिनिट.*
शाळा सुटते. मुलं बसमध्ये चढत नाहीत, फक्त ड्रायव्हरला हात करतात. तोही करतो.
सगळ्यांना?
चाळीसेक असतात. अर्ध्या मिनिटात होतं.

*पान १९६. थांबा बावीस, फक्त मंगळवारी, सव्वा मिनिट.*
संगीताच्या बाई. त्यांचं वाद्य त्यांच्याहून उंच आहे. पुढच्या दाराने येत नाही, मागच्याने तिरकं करून घ्यावं लागतं. तिकीट कुणाचं काढायचं यावर थोडा वेळ जातो.

*पान २६०. थांबा सतरा ते अठरा. इथे एक मिनिट वजा आहे, हे कसं?*
वाटेत बेकरी आहे. त्या वेळी भट्टी उघडते. तो वास आला की ड्रायव्हरला घर आठवतं, आणि ती त्याची शेवटची फेरी असते.

लेखनिक प्रत्येक उत्तर समासात बारीक अक्षरात लिहून घेत होते. आठव्या प्रश्नाला शेजारच्या टेबलावरचे दोघे खुर्च्या घेऊन आले. बाराव्याला शिपाई चहाची किटली हातात तशीच धरून उभा राहिला. एक गृहस्थ पासाची तक्रार घेऊन आले होते. ते मध्येच म्हणाले की चौदाव्या थांब्यावर मीच चढतो, बरोबर दोन मिनिटं लागतात, आणि तक्रार खिशात ठेवून पुढचं ऐकायला लागले.

मीही ऐकत होते. दोन वर्षं हे आकडे माझ्या बोटांखालून गेले होते. दोन, पाव, अर्धा, सव्वा. आता प्रत्येक आकड्याला हातपाय फुटत होते.

*पान ३४०. थांबा नऊ, पाण्याची टाकी. सकाळी आठ-दहा. एक मिनिट.*

आप्पांनी पाणी मागितलं. प्यायले. पंख्याकडे पाहिलं.

“हे काढून टाका,” ते म्हणाले. “हे घरगुती आहे.”

लेखनिकांनी पेन्सिल कानावरून काढली, पण खोडलं नाही. म्हणाले, का ते लिहावं लागेल, समास मोकळा ठेवता येत नाही.

आप्पांनी सांगायला सुरुवात केली ती माझ्याकडे न बघता. खूप वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा आठ-दहाच्या गाडीने काचा घासायचं काम शिकायला जायचा. टाकीमागच्या गल्लीतून एक मुलगी रोज धावत यायची, हातात कंगवा, एक चप्पल पायात आणि दुसरी जेमतेम. पहिल्या आठवड्यात तिची बस चार वेळा चुकली. पाचव्या दिवशी मुलगा केबिनच्या खिडकीशी येऊन उभा राहिला. म्हणाला, आप्पा, शिट्टी एक मिनिट उशिरा वाजवा.

“बाकी मिनिटांना कारण होतं,” आप्पा म्हणाले. “याला नुसता पोरगा होता. मी वाजवली उशिरा. मग सवय पडली. माझ्या मागून जो टाइमकीपर आला त्यानेही तीच धरली, ड्रायव्हरांनीही धरली. निवृत्तीनंतर मी तिथे बसून मोजलं तरी एक मिनिटच भरलं. म्हणून हिला सांगितलं. खोटा आकडा मी देत नाही.”

सगळी खोली माझ्याकडे बघत होती. मला तीन वर्षांच्या सगळ्या सकाळी एकदम आठवल्या. ती दमलेली धाव, ती उघडी दारं, आणि पायरीवर पाय ठेवताना स्वतःविषयी वाटणारा तो अभिमान. आणि नंतरची पंधरा वर्षं, नवऱ्याला ऐकवलेली.

“म्हणजे मी कधीच वेळेवर नव्हते?”

“होतीस की,” आप्पा म्हणाले. “वेळच तुझ्यासाठी उभी असायची.”

शिपायाने किटली खाली ठेवली. कुणीतरी हसलं, मग सगळेच, आणि सगळ्यात जास्त मी. लेखनिक तेवढे हसले नाहीत. त्यांनी पेन्सिल परत कानावर अडकवली होती.

“हे मी खोडणार नाही,” ते म्हणाले. “आठ-दहाने मी येतो. मीही धावतच येतो.”

शिपाई म्हणाला, तोही. मागून आणखी एका बाईने हात वर केला.

एवढा आवाज ऐकून आतल्या खोलीतून मॅडम बाहेर आल्या, चष्मा डोक्यावर आणि कपाळावर आठी. त्यांना सगळं पुन्हा सांगावं लागलं, आणि प्रत्येकाने थोडं थोडं सांगितलं. मग आप्पा उठले. वहीतून घडी घातलेला फॉर्म काढून टेबलावर ठेवला आणि एका दमात बोलले. मिनिटं त्यांनी सांगितली, पण यंत्राच्या कानात ती या पोरीने घातली. दोन वर्षं, एक दमडी न घेता. आता सोमवारी ही दुसरीकडे जाईल आणि तिकडे हिला याला हात लावायची बंदी आहे. यादीत हिचं नाव घाला, मग मी सही करतो.

“नाहीतर माझी मिनिटं मी परत घेऊन जातो.”

मॅडमनी विचारलं, मिनिटं परत कशी नेणार.

आप्पांनी पिशवीवर थाप मारली. वही आत होती.

लेखनिकांनी मला विचारलं की मग प्रोग्रामात माझं नाव का नाही. मी सांगितलं, प्रोग्रामात नसतं, प्रोग्रामच्या इतिहासात असतं. कुठली ओळ कुणी कधी बदलली त्याची नोंद वेगळी राहते, तिथे मी गोगलगाय या नावाने आहे. लेखनिकांच्या ते मनाला लागलं. इतिहास होता, ते मॅडमना म्हणाले, आणि मला नुसतं वर्तमान छापायला लावलं. तो कुठून काढायचा ते मला विचारून त्यांनी बटण दाबलं. कोपऱ्यातला प्रिंटर खाकरला आणि कागद ओकायला लागला. गोगलगाय. गोगलगाय. गोगलगाय. मध्येच खडूसचं खरं नाव. गोगलगाय. ते एकेक पान उचलून माझ्याकडे आणि पानाकडे आलटून पालटून बघत होते.

“ही एखादी संस्था असेल असं वाटलं असतं मला,” ते पुटपुटले.

चाळिसाव्या पानाला मॅडमनी हात जोडले, पटलं म्हणाल्या, आता तो कागद थांबवा. एकोणीसशे चार नोंदी होत्या. लेखनिकांनी पुढची पानं हळूच, मॅडम वळल्यावर छापली.

प्रश्न एकच उरला. मंजूर यादीतून नाव काढायला वरून नवी मंजुरी लागते आणि तिला वर्ष जातं. नाव घालायला मॅडमची सही पुरते. तेव्हा मला घालता येत होतं, पण आप्पांना काढता येत नव्हतं. आप्पा म्हणाले की काढाच, मी संगणकाला हात लावलेला नाही.

मॅडमनी नियमांचं पुस्तक मागवलं, डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि वाचलं: ज्यांच्यावाचून काम पूर्ण झाले नसते अशा बाहेरील व्यक्ती.

“यात हात लावलेल्या असं कुठे लिहिलंय?” त्यांनी विचारलं. “बसा आप्पा. अजून त्यांचे प्रश्न बाकी आहेत.”

रकाना ७. मानधनाचा कालावधी

सहा महिने, दरमहा, काम पाहून पुढे वाढवता येईल. माझं विम्याच्या पगाराच्या निम्म्याहून जरा वर, आप्पांचं त्याहून कमी. दोन्ही मिळून आमचं भागतं, आणि चष्म्याची एक नवी फ्रेम निघते.

सोमवारी दहाला दहा कमी असताना मी कंपनीला नकार कळवला. कारण विचारतील म्हणून आधीच लिहिलं: मला बाहेरच्या प्रोग्रामला हात लावायचा आहे. नवरा मागे उभा राहून वाचत होता. म्हणाला, दहा मिनिटं आधी, वा, तुझा वक्तशीरपणा. त्या दिवसापासून तो हे रोज म्हणतो, आणि मला ऐकून घ्यावं लागतं. पंधरा वर्षांची थकबाकी आहे.

रकाना ८. योगदानकर्त्याची सही

आप्पांनी केली. नवीन पेनाने, जिभेचं टोक दातांत धरून. हुद्दा या जागी त्यांनी टाइमकीपर लिहिलं. लेखनिकांनी ते खोडून ‘संगणक प्रणाली योगदानकर्ता’ केलं, आप्पांनी ते खोडून पुन्हा टाइमकीपर केलं. दोन्ही खाडाखोडींवर मॅडमची छोटी सही आहे.

रकाना ९. केवळ कार्यालयीन उपयोगासाठी

महिन्याभराने प्रोग्रामवर एक नवा माणूस आला. त्याने काढलेल्या खात्याचं नाव ‘तांबडी पेन्सिल’. पहिली सूचना: अकराव्या थांब्यावर वीस सेकंद. कारण सोबत जोडलं होतं, दोन पानं. खडूसने मला विचारलं की हे कोण. मी लिहिलं, ज्याने हा प्रोग्राम पूर्ण वाचलाय असा जगातला एकमेव माणूस. खडूसने लगेच आत घेतलं.

मीही एकतीस टिपा बदलायला बसले. लेखनिकांच्या समासातून उतरवून प्रत्येक ओळीवर कारण लिहिलं, दवाखान्याचं फाटक, रुसलेला गिअर, हात करणारी मुलं. आप्पांना मोठ्या हौसेने दाखवलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि वही मिटली. सगळंच लिहून ठेवलंस, म्हणाले. मग मला कोण विचारणार?

म्हणून प्रत्येक कारणाखाली आता आणखी एक ओळ आहे: *तरीही आप्पांना विचारा.* नवव्या थांब्याला फक्त तीच ओळ आहे. कारण लिहिलेलं नाही.

काल सकाळी आम्ही दोघं टाकीसमोरच्या बाकावर बसलो होतो, वही माझ्या मांडीवर. आठ-दहा झाले. दारं उघडी, ठिपका अजून लागलेला नाही. गल्लीतून माणसं धावत आली: सात, नऊ, बारा. एक मुलगी ओल्या केसांनी, एक आजोबा फक्त जोरात चालत, पण चेहऱ्याने धावत. मी मोजून लिहीत होते. सगळ्यात शेवटी लेखनिक आले, डबा छातीशी, पेन्सिल कानावर. पायरीवर पाय ठेवताना त्यांनी आमच्याकडे पाहून मान ताठ केली, वेळेवर आलेल्या माणसासारखी.

आप्पांनी खिशातून जुनी शिट्टी काढली, इकडेतिकडे कुणी बघत नाही ना ते पाहिलं, आणि हळूच एक आखूड वाजवली. ड्रायव्हरने आरशात बघून हात केला, मग हिरवा ठिपका लागला.